दोन नावांची एक रुग्ण: सीमाभागातील क्षयरोगाच्या नोंदीचे एक प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जुलैच्या मध्याला तिशीच्या आतली एक विवाहित स्त्री आली. जवळ छातीच्या एक्स-रेची फिल्म आणि टीबीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे होती. गोळ्या माहेरी सुरू झाल्या, पाचेक आठवडे घेतल्या, मग संपल्या आणि भाताच्या रोपलावणीच्या घाईत अठरा दिवस तसेच गेले, असे तिने सांगितले. केंद्राने थुंकी तपासली, नाव नोंदवले, औषधे दिली. सहा आठवड्यांनी कळले की याच बाईची, याच आजाराची आणखी एक नोंद महाराष्ट्रात आहे आणि तिच्यापुढे 'उपचार सोडलेली रुग्ण' असा शेरा पडला आहे.

ओळख पटू नये म्हणून गावे, नावे, रुग्णालये काहीच दिलेले नाही आणि काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की यात कामचुकार कोणी सापडत नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचे काम केले होते. तरीही दीड महिना दोन राज्यांच्या नोंदवह्यांत एका आजाराबद्दल दोन माहित्या उभ्या होत्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या.

या भागाचा भूगोल

चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. बाजार, बँकेची कामे, मोठा दवाखाना, सगळ्यासाठी तो शिनोळीमार्गे बेळगावला येतो. निपाणीची विडी कामगार बाई कोल्हापूरला जाते, कागवाड-अथणीचा शेतकरी मिरजेला, आणि खानापूर तालुक्यातली तरुण मुले कामासाठी गोव्याला. रोटी-बेटीचा व्यवहार तर सीमा आखली जाण्याच्या आधीपासूनचा आहे. एकाच कुटुंबात सासू निपाणीची, सून कागलची आणि लेक हुक्केरी तालुक्यात दिलेली, हे इथे रोजचे आहे.

क्षयरोग कार्यक्रमाची रचना मात्र जिल्ह्यावर उभी आहे. बंगळूरला 1959 मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, तिच्या कामातून जिल्हा क्षयरोग कार्यक्रमाचा आराखडा निघाला आणि 1962 पासून देशाचा कार्यक्रम त्याच पायावर चालू आहे. जिल्ह्याखाली क्षयरोग पथक, साधारण दोन लाख लोकसंख्येला एक, आणि पथकाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे. पथकातला वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक हा नोंदींचा खरा राखणदार. 2012 मध्ये निक्षय हे संगणकीय पोर्टल आले. त्याच वर्षी 7 मे रोजी क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. निक्षय देशभर एकच आहे. चंदगडला भरलेली नोंद बेळगावला दिसू शकते, फक्त ती शोधण्यासाठी हातात काहीतरी धागा हवा. या प्रकरणात धागाच नव्हता.

पहिली नोंद

मे महिन्यात खोकला आणि संध्याकाळचा ताप घेऊन ती माहेरी गेली. मुलांच्या सुट्ट्या होत्या, दोन्ही मुले सोबत होती. वडिलांनी तिला कोल्हापूर जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी थुंकीचा नमुना सीबीनॅट तपासणीसाठी (जंतू आहेत का आणि त्यांना औषध लागू पडेल का, हे एकदमच दाखवणारी यंत्रावरची चाचणी) सरकारी प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल स्पष्ट होता: क्षयरोगाचे जंतू आहेत, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला प्रतिकार नाही. वजन 37 किलो, म्हणून 35 ते 49 किलोच्या गटाप्रमाणे रोज चार औषधांच्या एकत्रित गोळ्या तीन. एचआयव्ही आणि साखरेची तपासणी झाली, निक्षयवर नोंद झाली, बँक खाते जोडले गेले. एका खासगी रुग्णालयाने एवढे सगळे वेळेवर करणे हे कौतुकाचे आहे आणि ते आधी सांगायला हवे.

नोंदीत नाव आधारकार्डावरचे, म्हणजे माहेरचे. मोबाइल नंबर वडिलांचा. पत्ता माहेरचा. दुसऱ्या संपर्क व्यक्तीचा रकाना मोकळा.

आता शाळांचे वेळापत्रक पाहा. कर्नाटकातल्या शाळा जूनच्या सुरुवातीलाच भरू लागतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्याला. त्यामुळे मुले बापाबरोबर आधीच सासरी परतली. त्यानंतर आरोग्य कर्मचारी घरच्या संपर्कातील माणसांची तपासणी करायला माहेरी आले. घरात आई, वडील, भाऊ, भावजय. चौघांना खोकला-ताप विचारला, कोणालाच लक्षणे नव्हती, चौघांची नोंद झाली. महिना-दीड महिना जी मुले आईच्या कुशीत झोपत होती ती त्या यादीत आलीच नाहीत. कर्मचाऱ्यांनी विचारलेला प्रश्न होता 'घरात कोण कोण राहता?', आणि त्याचे उत्तर खरेच मिळाले होते.

जूनच्या उत्तरार्धात सासरहून बोलावणे आले. शेतीची कामे सुरू झाली होती. ती गोळ्या घेऊन निघाली, उरलेल्या गोळ्या काही दिवसांत संपल्या. पुढे रुग्णालयातून वडिलांच्या नंबरवर फोन गेला. घरात एका सोयरिकीची बोलणी चालू होती, बैठकीला पाहुणे होते आणि फोनवरची व्यक्ती 'टीबीच्या औषधाचं' असे म्हणत होती. वडील 'ती इथे राहत नाही' म्हणाले आणि फोन ठेवला. नोंदीत लिहिले गेले: पत्त्यावर आढळत नाही. पुढे सलग एक महिना औषधाची नोंद न आल्याने कार्यक्रमाच्या व्याख्येप्रमाणे 'उपचार सोडलेली' हा शेरा बसला.

दुसरी नोंद

बेळगावकडच्या केंद्रात ती सासरच्या नावाने आली. लग्नात तिचे पहिले नावही बदललेले होते, आपल्याकडे अजून अनेक घरांत बदलतात. म्हणजे नाव वेगळे, मधले नाव वेगळे, आडनाव वेगळे. आधार सोबत नव्हते, वय अंदाजाने सांगितले आणि ते चार वर्षांनी चुकले. मोबाइल नवऱ्याचा. निक्षय नवीन नोंद करताना जुन्याशी साम्य आहे का हे नाव, वय, फोन अशा गोष्टींवरून ताडून पाहते. ताडायला काही जुळतच नव्हते.

थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, जंतू दिसले नाहीत. पाच आठवडे औषध घेतलेल्या रुग्णात ते न दिसणे अपेक्षितच असते. पण जुना अहवाल समोर नसल्यामुळे एक्स-रे आणि लक्षणांवरून निदान झालेली, नवीन रुग्ण, अशी नोंद झाली. 'माहेरी औषध घेतले' हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केसपेपरवर लिहिले, शिवाय आणखी एक ओळ लिहिली जी पुढे फार उपयोगी पडली: रिकामी पाकिटे चार. पोर्टलवर यातले काही गेले नाही. उपचार पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू झाले.

या एका वर्गीकरणाचे परिणाम किती दूर जातात ते नीट पाहण्यासारखे आहे. रिफाम्पिसिनचा अहवाल नव्या नोंदीत नाही, म्हणजे औषध लागू पडेल की नाही याचा आधार नाही. घेतलेल्या गोळ्या हिशेबात नाहीत, म्हणून दोन महिन्यांचा चार औषधांचा टप्पा नव्याने. आणि सर्वात गंभीर गोष्ट मुलांची. घरातल्यांना प्रतिबंधक औषध देताना रुग्णाच्या थुंकीत जंतू सिद्ध झाले आहेत का हे पाहिले जाते. दुसऱ्या नोंदीप्रमाणे ते सिद्ध नव्हते. त्यामुळे सासरच्या घरी आशा कार्यकर्ती जाऊन आली, खोकला कोणाला आहे का विचारून आली, आणि सात वर्षांची मुलगी व तीन वर्षांचा मुलगा दोघेही यादीबाहेर राहिले. एका नोंदीत मुले नव्हती, दुसऱ्या नोंदीत जंतू नव्हते.

खाते अडले

क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून दरमहा पैसे मिळतात. 2018 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ते 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. सहा महिन्यांचे पैसे दोन हप्त्यांत येतात: निदानानंतर 3000 आणि 84 दिवसांचे उपचार झाल्यावर 3000. ऑगस्टच्या अखेरीस पथकातील उपचार पर्यवेक्षक अडलेल्या खात्यांची यादी घेऊन बसले, तेव्हा हिचे खाते 'आधीच दुसऱ्या लाभार्थ्याला जोडलेले' म्हणून परत आले होते. खाते एकच होते, लग्नाआधी माहेरी उघडलेले, आणि पासबुकाचा फोटो भावाने पाठवला होता.

अशा वेळी सर्रास काय होते? रुग्णाला सांगतात, नवऱ्याचे खाते द्या, सासूचे द्या, पैसे लवकर येतील. यात रुग्णाची अडवणूक होऊ नये हा चांगला हेतू असतो. पण इथे खाते बदलले असते तर दोन्ही नोंदींना जोडणारा एकमेव दुवा कायमचा तुटला असता. पर्यवेक्षकांनी खाते बदलले नाही. तेच खाते दुसऱ्या कोणत्या नोंदीत आहे हे जिल्हा कार्यालयाकडून शोधून घेतले आणि उत्तर सीमेपलीकडून आले. मला वाटते, या प्रकरणातला सर्वात मोलाचा निर्णय हाच. अडलेला हप्ता ही लेखापालाची डोकेदुखी समजली जाते. सीमाभागात तरी प्रत्येक अडलेला हप्ता आधी दुबार नोंदीचा संशय म्हणून तपासावा, मग खात्याला हात लावावा.

दोन्ही नोंदी एक करताना

पहिला मोह असतो तो व्हॉट्सअ‍ॅपचा. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचे गट असतात, आणि 'ही रुग्ण कोणाकडे आहे?' म्हणून आधारकार्डाचा फोटो, अहवालासकट, शेकडो माणसांच्या गटात पडल्याची उदाहरणे कमी नाहीत. टीबीच्या नोंदीत एचआयव्हीचा निकालही असतो. असा फोटो एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही. सोयरिकीच्या भीतीने फोन ठेवणाऱ्या बापाची भीती अवाजवी म्हणायची आपल्याला सोय उरत नाही. इथे पर्यवेक्षकांनी पलीकडच्या पर्यवेक्षकांना थेट फोन केला, फक्त निक्षय क्रमांक सांगितला आणि बाकीचे पोर्टलवर पाहायला सांगितले.

मग वडिलांना फोन. 'मामा, लेक गोळ्या घेतीया, बरी हाय. तुमच्यावर कसला ठपका न्हाई,' एवढे आधी सांगितल्यावर पुढचे बोलणे सुरळीत झाले. रुग्णालयाची फाईल माहेरी कपाटात होती. सीबीनॅटचा अहवाल त्यातच होता.

कोणती नोंद ठेवायची यावर थोडी चर्चा झाली. नवी ठेवली तर काम सोपे होते: जुनीवर शेरा पडलेलाच होता, ती तशीच राहिली असती. पण निदानाचा पुरावा जुनीत होता. म्हणून जुनी नोंद पलीकडच्या जिल्हा पातळीवरून पुन्हा उघडून घेतली, तिथून बेळगावच्या केंद्राकडे हस्तांतरित केली, इकडे ती स्वीकारली आणि नवी नोंद दुबार म्हणून बंद केली. ऐकायला चार क्लिकचे काम. प्रत्यक्षात दोन राज्यांतल्या चार माणसांचे लॉगिन, रजा, बैठका आणि नेटवर्क जुळेपर्यंत आठवडा गेला. इकडच्या बेचाळीस दिवसांच्या मात्रा हाताने पुन्हा भराव्या लागल्या.

माहेरच्या मात्रांचा हिशेब कसा लावायचा? रुग्णालयाने दिलेल्या पाकिटांची नोंद होती, पण ती घेतली किती हे कोण सांगणार? तिथे केसपेपरवरची ती ओळ उपयोगी आली. चार पाकिटे, प्रत्येकात 28 गोळ्या, म्हणजे 112. रोज तीन धरल्यास 37 दिवस आणि एक गोळी उरते. ती म्हणत होती 'पाचेक आठवडे', ते जवळपास तंतोतंत खरे होते. रुग्णाच्या सांगण्यावर आपण पटकन अविश्वास दाखवतो. मोजून पाहिले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते.

37 आणि 42 मिळून 79. चार औषधांचा टप्पा 56 मात्रांचा असतो. म्हणजे पायराझिनामाइड, त्या चारांपैकी फक्त याच टप्प्यात द्यायचे औषध, तिने 23 दिवस जास्तीचे घेतले होते. ऑगस्टभर ती गुडघे आणि घोटे दुखतात म्हणून सांगत होती आणि घरचे त्याला चिखलात उभे राहून लावणी-भांगलण केल्याचा परिणाम समजत होते. सांधेदुखी हा पायराझिनामाइडचा माहीत असलेला त्रास आहे. थुंकी पुन्हा तपासली, जंतू नव्हते, वजन 41 किलोवर आले होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला तीन औषधांच्या पुढच्या टप्प्यावर आणले. गोळ्या तीनच राहिल्या, त्यातले पायराझिनामाइड गेले. खंड अठरा दिवसांचा, एक महिन्याच्या आतला, म्हणून 'उपचार सोडून परत आलेली' असे वर्गीकरण करण्याचे कारण उरले नाही. 84 दिवस पाच दिवसांत पुरे होणार होते, त्यामुळे दुसऱ्या हप्त्याचा मार्ग मोकळा झाला. पहिला हप्ता जूनमध्येच खात्यात पडला होता. पासबुक माहेरी, मेसेज वडिलांच्या फोनवर. तिला पत्ताच नव्हता.

एकत्र केलेली नोंद पाहून पर्यवेक्षक सासरी गेले तेव्हा सासू म्हणाली, 'दवाखान्यातली माणसं तिच्या माहेराला जाऊन आली म्हणं. हितं पोरास्नी बघायला कोण आलं न्हाई की.' दोन्ही मुलांची तपासणी झाली. धाकट्याचे वजन वाढत नव्हते म्हणून त्याच्याकडे अधिक लक्ष दिले, एक्स-रे काढला, त्यात काही निघाले नाही. दोघांना वजनाप्रमाणे आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा प्रतिबंधक कोर्स सुरू झाला. जूनमध्ये सुरू व्हायला हवा होता, सप्टेंबरमध्ये झाला. या तीन महिन्यांत मुलांना काही झाले नाही हे सुदैव.

पथकाने पुढे काय बदलले

नोंदणीच्या वेळी आता पत्त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारला जातो: पुढचे सहा महिने गोळ्या कुठल्या घरी घेणार? बाई असेल तर माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहायची, गोव्यात किंवा ऊसतोडीला जाणारा असेल तर मुकादमाचा नंबर, मात्र रुग्णाने स्वतः दिला तरच. कोणाच्या फोनवर आजाराचे नाव घेतलेले चालेल आणि कोणाच्या फोनवर फक्त 'फोन करायला सांगा' एवढेच बोलायचे, हेही विचारून टिपायचे. संपर्कातील माणसे मोजताना 'घरात कोण राहते' याबरोबर 'गेल्या तीन महिन्यांत तुमच्याजवळ कोण झोपत होते' असे विचारायचे. दुसरीकडून औषध घेऊन आलेल्याची रिकामी पाकिटे फेकायच्या आधी मोजायची.

हस्तांतराबद्दलचा बदल मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पलीकडच्या केंद्राने पोर्टलवर रुग्ण स्वीकारला एवढ्यावर इकडची जबाबदारी संपत नाही. पलीकडे पहिली मात्रा प्रत्यक्ष घेतल्याचा फोन आल्यावरच इकडच्या यादीतून नाव उतरवायचे. यासाठी सीमेच्या दोन्ही बाजूंचे पर्यवेक्षक आठवड्यातून एकदा बोलतात. हा कोणत्याही शासकीय आदेशाचा भाग नाही, दोन माणसांची समजूत आहे. त्यातला एक बदलीवर गेला की ती संपेल. म्हणूनच दोन्ही जिल्ह्यांच्या क्षयरोग अधिकाऱ्यांनी ती लेखी करून ठेवायला हवी, असे माझे म्हणणे आहे. बेळगाव आणि कोल्हापूर ही सुरुवात झाली, सांगली आणि गोव्याशी तर अजून तेवढेही नाही.

कार्डांच्या भाषेचा प्रश्न तसाच आहे. इकडचे माहितीपत्रक कन्नड आणि इंग्रजीत. ज्या सासूने सुनेला रोज गोळ्या द्यायच्या ती फक्त मराठी वाचते, तेही अडखळत. सीमावादाच्या बाजूने किंवा विरुद्ध काही न बोलताही एवढे म्हणता येईल की औषध देणाऱ्या माणसाला वाचता येईल अशा लिपीत मात्रेची चिठ्ठी असावी. या केंद्रातल्या कन्नडभाषक परिचारिकेने स्वतः शिकून घेऊन मराठीत चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली आहे.

आकड्यांचेही पाहा. ही नोंद सापडली नसती तर महाराष्ट्राच्या अहवालात उपचार सोडलेली एक रुग्ण वाढली असती आणि कर्नाटकच्या अहवालात जंतू सिद्ध न झालेली एक नवीन रुग्ण. अशा नोंदींच्या बेरजेवरून कुठे किती औषध पाठवायचे, कुठे कर्मचारी वाढवायचे हे ठरते. सीमाभागातल्या तालुक्यांत उपचार सोडणारे जास्त दिसतात असे कोणी म्हणाले, तर त्यातले किती जण सीमेच्या पलीकडे दुसऱ्या नावाने गोळ्या घेत आहेत हे आधी तपासावे लागेल.

उपचार पूर्ण झाल्यावर तिची थुंकी पुन्हा तपासली, जंतू नव्हते. निदानाच्या वेळचा अहवाल नोंदीत असल्यामुळे शेवटचा शेरा 'बरी झाली' असा पडला. दुसऱ्या नोंदीवर तो नुसता 'उपचार पूर्ण' असा पडला असता. आता पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. त्यासाठी तिने नवऱ्याचा नंबर दिला आहे, आणि ती माहेरी असेल तर भावाचा. वडिलांच्या फोनवर करू नका, असे तिने स्वतः सांगितले आणि ते नोंदीत लिहिले आहे.